बडोदे ते गरुडेश्वर: सासूबाईंबरोबरचे पाच दिवस

सासऱ्यांचे वर्षश्राद्ध आटोपले, पाहुणे पांगले, आणि घरात मी व सासूबाई दोघीच उरलो. माझे यजमान नोकरीनिमित्त बाहेरगावी असतात. त्या संध्याकाळी आई (सासूबाईंना मी आई म्हणते) तुरीच्या शेंगा सोलता सोलता म्हणाल्या, “मला चार दिवस कुठेतरी जाऊन बसायचं आहे. प्रवचन नको, शिबिर नको, आणि डोळे मिटा म्हणून सांगणारं तर कोणी अजिबात नको.” त्यांचे वय चौऱ्याहत्तर. गुडघे कुरकुरतात, पण जिभेला अजून धार आहे.

बडोद्याच्या मराठी माणसाला अशा वेळी फार विचार करावा लागत नाही. नरसोबाची वाडी आणि गाणगापूर लांब पडते, पण नर्मदा दीड-दोन तासांवर आहे. तिच्या उत्तर तीरावर नारेश्वरला रंगअवधूत महाराज आहेत आणि गरुडेश्वरला टेंबेस्वामी, दोघेही दत्तसंप्रदायातले संत. दांडिया बाजारातल्या आमच्या देवघरात या दोघांच्या तसबिरी शेजारी शेजारी आहेत. मी सांगलीहून लग्न होऊन येथे आले, त्याला आता बावीस वर्षे झाली, तरी या तसबिरींच्या गावी मुक्कामाला मी कधी गेले नव्हते. पौर्णिमेला धावते दर्शन घ्यायचे आणि संध्याकाळी घरी परतायचे, एवढीच आमची रीत होती.

पहिला दिवस, सोमवार: बडोदे

पहिला दिवस गावातच घालवायचा, हा आईंचा हट्ट होता. “पन्नास वर्षं त्या फाटकावरून भाजी आणायला गेले, आत दोनदासुद्धा गेले नसेन,” असे त्या म्हणाल्या, ते दांडिया बाजारातल्या अरविंद निवासाबद्दल.

अरविंद घोष १८९३ ते १९०६ अशी तेरा वर्षे सयाजीराव महाराजांच्या सेवेत बडोद्यात होते. आधी जमाबंदी आणि सचिवालयाची कामे त्यांनी केली, पुढे बडोदे कॉलेजात फ्रेंच आणि इंग्रजी शिकवले. मराठी आणि गुजराती ते येथेच शिकले, आणि प्राणायामाची सुरुवातही त्यांनी येथेच, देवधर नावाच्या एका अभियंत्याकडून केली. आज त्या बंगल्यात ध्यानाची खोली आहे आणि त्यांच्या पवित्र अस्थी तेथे ठेवलेल्या आहेत. फाटकाच्या आत पाऊल टाकले की रिक्षांचे भोंगे थांबत नाहीत, फक्त झाडांच्या पलीकडे सरकतात.

बाकावर बसून मी आईंना लेल्यांची हकीकत सांगितली. सुरतेच्या वादळी काँग्रेस अधिवेशनानंतर अरविंद बडोद्याला आले तेव्हा लोक त्यांना भेटायला उतावीळ झाले होते. त्याच सुमारास, १९०८ च्या जानेवारीत, ग्वाल्हेरहून आलेल्या विष्णु भास्कर लेले नावाच्या मराठी योग्याबरोबर ते सरदार मुजुमदारांच्या वाड्यातल्या माडीवरच्या एका खोलीत तीन दिवस बसले. लेल्यांनी त्यांना एवढेच सांगितले होते की, विचार मनात उपजत नाहीत, ते बाहेरून येतात. येताना दिसले की आत शिरण्यापूर्वीच त्यांना परत लावावे. तीन दिवसांत मन निःशब्द झाले, असे अरविंदांनी पुढे अनेकदा सांगितले आहे.

आईंनी हे सारे लक्षपूर्वक ऐकले. मग म्हणाल्या, “तीन दिवसांत? मला तर देवळात बसल्यावरच गॅस बंद केला की नाही ते आठवतं.” त्यानंतर दोघी पंधरा मिनिटे ध्यानाच्या खोलीत बसलो. बाहेर आल्यावर त्यांनी विचारले, “तुला काय आठवलं?” मला विजेचे बिल आठवले होते.

दुपारी अलकापुरीजवळच्या दिलाराम बंगल्यात गेलो. १८९२ च्या एप्रिलमध्ये, शिकागोच्या सुमारे दीड वर्ष आधी, परिव्राजक विवेकानंद दिवाण मणिभाई जसभाई यांचे पाहुणे म्हणून येथे उतरले होते. २००५ पासून ही वास्तू रामकृष्ण मिशनकडे आहे. लष्करी हद्दीतले दक्षिणामूर्ती मंदिरही दुपारीच पाहिले. १९६६ मध्ये लष्कराच्या अभियंत्यांनी बांधलेला हा अॅल्युमिनियमचा घुमट मला मंदिरापेक्षा एखाद्या उत्तम यंत्रासारखा वाटला. आईंना मात्र तेथील झाडू मारलेला, एक पानही न पडलेला आवार फार आवडला. तेथे जाणाऱ्याने ओळखपत्र जवळ ठेवावे आणि कॅमेऱ्याचा मोह घरीच सोडावा.

दुसरा दिवस, मंगळवार: कायावरोहण आणि नारेश्वर

सकाळी धुके इतके होते की पोर गावापर्यंत मी गाडी ट्रकच्या लाल दिव्याच्या भरवशावर चालवली. तेथून आत वळून कायावरोहणला थांबलो. शिवाचा अठ्ठाविसावा अवतार मानल्या जाणाऱ्या लकुलीशांचे हे स्थान. शेजारच्या डभोईत १९१३ साली जन्मलेल्या स्वामी कृपाल्वानंदांनी त्याचा जीर्णोद्धार मनावर घेतला आणि १९७४ मध्ये नवे मंदिर उभे राहिले. काळ्या, चकचकीत लिंगातच लकुलीशांची बसलेली मूर्ती कोरलेली आहे. गाभाऱ्यात आम्हां दोघींखेरीज फक्त फरशी पुसणारा मुलगा होता. त्याने आमच्यासाठी ओली फरशी सोडून कोरडी वाट दाखवली आणि पुन्हा आपल्या कामाला लागला. त्या मुलाइतके एकाग्र माणूस मला त्या पाच दिवसांत क्वचितच दिसले.

नारेश्वर तेथून करजणमार्गे तासाभरावर आहे. रंगअवधूत १९२५ साली येथे आले तेव्हा हे रान होते, आजूबाजूच्या गावांचे मसण होते. साप आणि मोर येथे वैर विसरून एकत्र खेळताना त्यांनी पाहिले आणि हीच जागा निवडली, असे सांगतात. त्यांचे मूळ नाव पांडुरंग, आडनाव वळामे. घराणे रत्नागिरी जिल्ह्यातल्या देवळे गावचे, जन्म १८९८ चा गोध्र्याचा. वडील विठ्ठलपंत तेथे विठ्ठलमंदिराचे पुजारी होते. आश्रमात ज्या कडुलिंबाखाली त्यांनी तप केले तो अजून उभा आहे. त्याच्या फांद्या जमिनीकडे वाकलेल्या आहेत आणि पाने कडू लागत नाहीत, अशी श्रद्धा आहे. आईंनी खाली पडलेले एक पान उचलून चावले. चेहऱ्यावर काही दिसू दिले नाही, आणि विचारल्यावर “देवाच्या गोष्टी चघळून बघायच्या नसतात” असे उत्तर दिले.

दुपारी भोजनशाळेत पंगतीला बसलो: गरम खिचडी, कढी, बटाट्याची भाजी. वाढणारे सगळे सेवेकरी होते आणि प्रत्येक जण दुसऱ्यांदा विचारताना थोडा वाकत होता. भिंतीवर “परस्परदेवो भव” हे महाराजांचे वचन लिहिलेले आहे. ते वाचून मला एरवी फारसे काही वाटले नसते. कढीचा डाव घेऊन वाकणाऱ्या म्हाताऱ्या गृहस्थांमुळे ते वाचावेसे वाटले.

रात्री दत्तबावनी म्हटली गेली. आई ती रोज झोपण्यापूर्वी म्हणतात. लग्नानंतर पहिल्यांदा ऐकली तेव्हा मला ती कुठलीशी जुनी मराठी रचना वाटली होती, कारण आईंचे सगळे ‘ळ’ आणि ‘च’ अस्सल मराठी होते. बऱ्याच दिवसांनी कळले की ही गुजराती आहे, रंगअवधूतांनी १९३५ मध्ये कलोलजवळच्या सईज गावी रचलेली, बरोबर बावन्न ओळींची. त्या रात्री पन्नासेक गुजराती बायकांमध्ये बसून आई आपल्या मराठी उच्चारांत ती म्हणत होत्या आणि कोणाचाही सूर अडखळत नव्हता. कोकणातल्या घराण्यातला, गोध्र्यात जन्मलेला माणूस गुजरातीत दत्ताला आळवतो आणि दांडिया बाजारातली मराठी बाई ती आपली म्हणून तोंडपाठ करते, यात आम्हा बडोदेकरांना काही विशेष वाटत नाही. त्या रात्री मला पहिल्यांदा वाटले.

मुक्कामासाठी नारेश्वरला भक्तनिवास आहे. गुरुवार, पौर्णिमा आणि दत्तजयंतीच्या आसपास खोली मिळेल असे गृहीत धरू नये. आधी फोन करून विचारावे. हिवाळ्यात नदीचा गारठा खोलीत शिरतो, तेव्हा आपली चादर आणि पायमोजे बरोबर असावेत. जेवणाच्या वेळा येथे अगदी काटेकोर पाळल्या जातात. उशिरा येणाऱ्याला कोणी रागावत नाही, पण भांडी घासून झालेली असतात.

तिसरा दिवस, बुधवार: चांदोद, गंगनाथ, करनाळी

पहाटे मातृशैलाला, म्हणजे महाराजांच्या आईच्या स्मारकाला, नमस्कार करून निघालो. संन्यस्त वृत्तीच्या माणसाने आईचे एवढे ठळक स्मरण ठेवावे, याचे आईंना कौतुक होते. त्या वाटेवर बराच वेळ बोलल्या नाहीत. बहुधा सासऱ्यांच्या आठवणीत होत्या. शिनोरमार्गे चांदोदला पोहोचेपर्यंत दहा वाजले.

चांदोदला नर्मदा आणि ओरसंग मिळतात, तिसरी सरस्वती गुप्त. बडोद्यातली कितीतरी मराठी घरे श्राद्धासाठी येथे येतात. वर्षश्राद्धाला आम्हीही येथेच आलो होतो. त्यामुळे मल्हारराव घाटावर आईंना पाहताच एक भटजी पुढे झाले. “आज काही नाही,” असे आईंनी सांगितले, “आज नुसतं बसायचं आहे.” भटजींनी पंचांग मिटले आणि शेजारच्या पायरीवर तेही बसले. पाऊण तास तिघेही नदीकडे पाहत होतो. पहिल्या दिवशी ध्यानाच्या खोलीत पंधरा मिनिटे जड गेलेल्या मला या पाऊण तासात घड्याळ पाहावेसे वाटले नाही, हे नंतर लक्षात आले.

नावेने जाऊन गंगनाथला उतरलो. स्वामी ब्रह्मानंदांचा हा आश्रम. अरविंदांना प्राणायाम शिकवणारे देवधर त्यांचेच शिष्य, आणि स्वतः अरविंदही त्यांच्या दर्शनाला येथे आले होते. अरविंदांचे मित्र केशवराव देशपांडे यांच्या पुढाकाराने जी राष्ट्रीय शाळा निघाली तिला याच स्थानाचे नाव मिळाले. त्या गंगनाथ विद्यालयात काका कालेलकरांनी शिकवले आणि १९१२ मध्ये इंग्रज सरकारच्या दडपणाने ती बंद पडली. या सगळ्या इतिहासाची तेथे आज काहीच गजबज नाही. नदीच्या उंच काठावर झाडे आहेत, एक गाय आहे आणि कोणीतरी वाळत घातलेली छाटी. शांत जागेच्या शोधात निघालेल्याला मी पाचही दिवसांतली हीच जागा आधी सुचवीन. फक्त नावेच्या पायरीवरून चढताना गुडघे शाबूत हवेत.

करनाळीचे कुबेर भंडारी मंदिर अमावास्येला माणसांनी फुलून जाते, म्हणून ती तिथी टाळून आलो होतो. गर्दी तरीही होतीच. करनाळीच्याच एका कालीमंदिरात मूर्तीकडे पाहताना, मूर्तिपूजेवर अजिबात विश्वास नसलेल्या अरविंदांना ती जिवंत असल्याचा प्रत्यय आला होता. मी तो प्रसंग गाभाऱ्यासमोर उभी राहून आठवत असताना मागच्या बाईंनी मला कोपराने सरकवले आणि मी सरकले.

पाण्याविषयी एक सूचना. वर धरण आहे आणि पाणी सोडले की पातळी चढते. नदीत मगरीही आहेत. विश्वामित्रीच्या काठी राहणाऱ्या आम्हाला मगरीचे नवल नाही, पण बाहेरून आलेल्याने पायरीवर बसूनच तांब्याने स्नान करावे.

मग गाडी बिघडली. तिलकवाड्याच्या अलीकडे क्लच दाबला तो वर आलाच नाही. दुपारचे साडेतीन, दोन्ही बाजूंना केळी आणि तुरीची शेते. फोनवरच्या मेकॅनिकने “अर्धा कलाक” सांगितले. गुजरातीतला हा अर्धा तास किती लांबू शकतो हे बडोदेकर जाणतो. शेतातल्या झोपडीतून एक बाई आल्या, आम्हाला खाटेवर बसवले आणि चुलीवर मिठाच्या पाण्यात उकडलेल्या तुरीच्या शेंगांची टोपली पुढे ठेवली. आईंनी एक शेंग खाल्ली, दुसरी खाल्ली, आणि मग त्या बाईंनी शेजारी ठेवलेल्या कच्च्या शेंगांच्या ढिगाकडे वळून, न विचारता, सोलायला सुरुवात केली. मीही बसले. तिघी साडेतीन तास शेंगा सोलत होतो. बाईंनी त्यांच्या मुलीच्या बाळंतपणाविषयी सांगितले, आईंनी सासऱ्यांच्या शेवटच्या महिन्याविषयी सांगितले. तो महिना मी घरात असूनही इतक्या तपशिलात मला कधी सांगितला नव्हता. मेकॅनिक आला तेव्हा अंधार पडला होता. दाण्यांनी दोन पातेली भरली होती, आणि त्यातले वाटीभर दाणे आमच्या पिशवीत सक्तीने गेले.

चौथा दिवस, गुरुवार: गरुडेश्वर

गरुडेश्वरला बुधवारी रात्री नऊनंतर पोहोचलो. खोली आधी सांगून ठेवली होती, म्हणून निभावले. जेवण संपले होते. कार्यालयातल्या गृहस्थांनी दोन ताटल्यांत थंड भात आणि गरम दूध आणून दिले.

टेंबेस्वामी, म्हणजे वासुदेवानंद सरस्वती, १८५४ साली सिंधुदुर्गातल्या माणगावी जन्मले. आयुष्यभर पायी हिंडले, वाहनात बसले नाहीत, आणि १९१४ च्या आषाढात येथे समाधिस्थ झाले. रंगअवधूत त्यांचेच शिष्य. समाधिमंदिरात मराठी ऐकू येते: पुण्याची, कोल्हापूरची, इंदूरचीही. सकाळच्या आरतीनंतर करुणात्रिपदी सुरू झाली तेव्हा मला सांगलीच्या घरची आजी आठवली; वाडीला जाताना ती टांग्यात हीच म्हणायची. त्या ठिकाणी आईंपेक्षा माझाच आवाज मोठा होता.

गुरुवार असल्यामुळे दहानंतर गर्दी वाढत गेली. धरण आणि सरदार पटेलांचा पुतळा पाहून परतणाऱ्या गाड्या दुपारी येथे थांबतात. ज्याला बसायचे आहे त्याने पहाट किंवा रात्रीच्या आरतीनंतरचा तास धरावा. दुपारी सरळ झोपावे. आम्ही तेच केले.

संध्याकाळी घाटाच्या पायऱ्यांवर परिक्रमावासी उतरत होते. नर्मदा उजव्या हाताला ठेवून चालायचे आणि ती कोठेही ओलांडायची नाही, असा त्यांचा नेम असतो. ओंकारेश्वरहून कार्तिकात निघालेले लोक दक्षिण तीराने समुद्रापर्यंत जाऊन आता उत्तर तीराने वर चालले होते. त्यांच्यात साताऱ्याकडच्या एक बाई होत्या, साधारण साठीच्या, पांढरे लुगडे, हातात काठी, गळ्याशी नर्मदाजळाची कुपी. शेतकरी घरातल्या होत्या. टाचांच्या भेगांत त्या मेण भरत होत्या. मी विचारले, इतके चालून मन शांत होते का? त्यांनी थोडा विचार केला. “पहिला महिना घरच दिसतं बघा. मग पाय दुखतात म्हणून पायच दिसतात. आता सकाळी उठलं की रात्री कुठं टेकायचं एवढंच दिसतं. ते बरं वाटतं.”

रात्री आम्ही तिघी ओसरीवर बसलो होतो आणि आई सवयीने दत्तबावनी म्हणू लागल्या. बाईंनी ती वाटेत आश्रमांतून ऐकली होती, पण त्यांना गुजराती लिपी वाचता येत नव्हती आणि छापील पुस्तिका गुजरातीत होती. “मला मराठी अक्षरांत लिहून द्याल का?” त्यांनी विचारले. पहाटे साडेपाचला त्या निघणार होत्या.

पाचवा दिवस, शुक्रवार

मला जाग आली तेव्हा पावणेपाच झाले होते आणि खोलीत मोबाईलचा दिवा जळत होता. आई पलंगावर मांडी घालून, मी हिशेबासाठी आणलेल्या वहीत लिहीत होत्या. रात्री दहापासून तीस ओळी झाल्या होत्या. तोंडाने सलग येते, पण लिहायला बसले की मध्येच तुटते, म्हणून त्या प्रत्येक वेळी पहिल्या ओळीपासून म्हणत येत होत्या. एका शब्दापाशी अडल्या. तो तोंडपाठ होता, पण त्यात ‘ल’ आहे की ‘ळ’, हे पन्नास वर्षांत त्यांनी कधी पाहिले नव्हते. मी शाल गुंडाळून बाहेर गेले, कार्यालयाच्या भिंतीवरच्या गुजराती पाटीवर तो शब्द शोधला आणि परत येऊन सांगितला. बरोबर ‘ळ’च होता.

साडेपाचला ओसरीवर चहा आला तेव्हा अठ्ठेचाळिसावी ओळ चालू होती. बाईंच्या बरोबरचे लोक काठ्या घेऊन उभे होते. कोणी घाई केली नाही. बावन्नावी ओळ झाल्यावर आईंनी चार पाने वहीतून नीट फाडली, बाईंनी ती प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून झोळीत ठेवली आणि आईंच्या पाया पडण्यासाठी वाकल्या, तर आईच त्यांच्या पाया पडल्या. “नर्मदे हर” म्हणून ती मंडळी धुक्यात चालू लागली, नदी उजव्या हाताला.

आईंनी पेनाला टोपण लावले. चहा थंड झाला होता. त्यांनी दुसरा मागवला.